टाकीखालचे हत्ती

माझी धाकटी बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिचा मला हेवा वाटायचा. तिच्या रूपाचा म्हणावा, तर रूपात आम्ही दोघी बेताच्याच. आईबाबा तिचे लाड जास्त करायचे म्हणावं, तर आमच्या घरी लाड फारसे कोणाचेच होत नसत. मला हेवा वाटायचा तो माझ्याच हत्तींपायी. ते हत्ती मी तिला दाखवले होते. पुढे मला ते दिसेनासे झाले आणि तिला मात्र दिसत राहिले. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, कारण ऐकणारा हसला असता आणि ते मला खपलं नसतं. खपत अजूनही नाही, पण आता माझ्या वयाकडे पाहून लोक माझ्यासमोर हसायचं टाळतात.

आम्ही कलकत्त्याला भवानीपुरात राहायचो. बाबा खिदिरपूरच्या गोदीत कस्टममध्ये नोकरीला होते. घर तीन मजली, तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि डोक्यावर गच्ची. घराची मालकीण बंगाली. तिला आम्ही माशिमा म्हणायचो, म्हणजे मावशी. ती तळमजल्यावर राहायची आणि गुडघे दुखतात म्हणून वर फार येत नसे, त्यामुळे गच्ची आमचीच होती असं म्हणायला हरकत नाही. गच्चीच्या कोपऱ्यात विटांच्या चार बुटक्या खांबांवर पाण्याची लोखंडी टाकी होती. टाकीखाली माशिमाच्या फुटक्या कुंड्या पडलेल्या असायच्या. तिथे मोठ्या माणसाला वाकूनही शिरता यायचं नाही. मला यायचं.

नवरात्रात घटस्थापनेपासून नवमीपर्यंत आमच्या गच्चीवर भोंडला व्हायचा. आसपास मराठी घरं सगळी मिळून पाच, आणि गच्ची वापरायला मिळेल असं घर आमचं एकच. म्हणून नऊही दिवस सगळ्या मुली आमच्याकडे. आम्ही आठ-नऊ जणी, त्यात एक माशिमाची नात. तिला गाण्यांतलं अक्षर कळायचं नाही, पण फेर धरायला आणि खिरापतीला ती सगळ्यांच्या आधी हजर. खिरापत रोज एका घरची. ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन आमच्या मोठ्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात जायची. गाणी संपली की डबा खुळखुळवायचा, आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं, आणि ओळखलं किंवा हरलो म्हटलं की डबा उघडायचा. माशिमाची नात नऊही दिवस न चुकता “शोंदेश” म्हणायची, म्हणजे छेन्याची बंगाली मिठाई. तिला वाटायचं, कधी ना कधी असेलच.

फेराच्या मधोमध पाटावर हत्ती काढतात. आईच्या माहेरी तो तांदळाचा असे. कलकत्त्यात आईने तसा काढलेला मी कधी पाहिला नाही. दुष्काळाच्या साली दारादारांत भाताच्या पेजेसाठी उभी राहिलेली माणसं तिने पाहिली होती. त्यानंतर रेशनचा तांदूळ खेळासाठी पाटावर पसरणं तिच्या हातून होईना. मग बाबा गोदीतून खडूचे उरलेले तुकडे आणायला लागले. तपासून झालेल्या पेट्यांवर खूण करायचा जाड निळा खडू. त्यामुळे आमचे हत्ती निळे असायचे, आणि मला वाटायचं सगळीकडे निळेच असतात.

तांदळाचा हत्ती गोळा करून परत डब्यात भरता येतो. खडूचा हत्ती ओल्या फडक्याने पुसावा लागतो, कारण पाट जेवायला बसायला लागतात. पाच-सहा वर्षांची असताना मी आईला तो पुसताना पाहिलं. आधी सोंड गेली, मग पाय गेले, आणि डोळा तेवढा बराच वेळ राहिला. मी भोकाड पसरलं. आई विचारत राहिली काय झालं, आणि मला सांगता येईना. दोन दिवस मी धुमसत होते. मग माझं मीच ठरवून टाकलं की पुसलेले हत्ती कुठेही जात नाहीत, ते गच्चीवर टाकीखाली राहायला येतात.

दर वर्षी नऊ. पाटाच्या मापाचे, म्हणून मांजराएवढे. टाकी जिथे गळायची तिथे ते पाणी प्यायचे. कावळ्यांना भ्यायचे. त्यांच्यात एक म्हातारी हत्तीण होती, तिच्याकडे सगळ्यांचं रेशनकार्ड असायचं आणि ती ते कोणाच्या हाती देत नसे. दुपारी सगळं सामसूम असलं की कधीकधी गोदीतल्या जहाजांचे भोंगे आमच्यापर्यंत ऐकू यायचे. भोंगा वाजला की सगळे हत्ती पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे, कारण त्यांचे नातेवाईक जहाजाने येणार होते. कुठून येणार ते मी ठरवलं नव्हतं. मी कुंड्यांमध्ये पालथी पडून विटेवर हनुवटी टेकवून तासन्‌तास त्यांच्यात असायचे. माझ्या फ्रॉकला शेवाळ लागायचं आणि आई धुताना कटकट करायची, एवढीच काय ती शिक्षा. मला हुडकायला कोणी यायचं नाही.

धाकटी चार वर्षांची झाली तेव्हा मी तिला टाकीखाली नेलं. मोठेपणा मिरवायचा होता, दुसरं काही नाही. मी म्हटलं, “ते बघ.” तिने बघितलं आणि लगेच बोट दाखवून म्हणाली, “त्याचा पाय दुखतोय.” मला तो पाय माहीतच नव्हता. मी सावध व्हायला हवं होतं ते तेव्हाच.

मी बारा वर्षांची झाले त्या वैशाखात मोठी झाले. आईने तीन दिवस खोलीच्या कोपऱ्यात वेगळं बसवलं, चौथ्या दिवशी न्हायला घातलं, आणि आपली एक जुनी साडी नेसवली. साडी चांगली मऊ होती, पण तिच्यात गुडघे सापडेनात. माझे फ्रॉक आईने उसवले आणि धाकटीच्या मापाचे करून दिले. माशिमा गुडघे धरत धरत तीन जिने चढून मला पाहायला आली. “मेये बोडो होये गॅछे,” ती म्हणाली, मुलगी मोठी झाली, आणि माझ्या गालावरून हात फिरवून तिने आईला डोळ्यांनीच गच्चीच्या जिन्याकडे खुणावलं. आईने मान डोलावली. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच यायची, पण एवढं त्यांना नीट कळलं.

गच्चीसमोर एक मेस होती. ऑफिसात कारकुनी करणारे आठ-दहा बिनलग्नाचे तरुण तिथे राहायचे. मेस मी जन्मल्यापासून तिथेच होती आणि त्या पोरांनी कधी मान वर करून आमच्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांना आपली धोतरं वाळत घालून ऑफिसची ट्राम गाठायची घाई. पण आता ती एकदम मेस झाली.

आई म्हणाली, “यापुढे उगाच गच्चीवर जायचं नाही. कपडे आणायला जा, आण, आणि खाली ये.”

मी विचारलं, “किती वेळ?”

“कपडे काढायला लागतो तेवढा.”

बाबा जवळच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले, तर त्यांनी आणखी एक उलटलं.

धाकटीला कसली बंदी नव्हती. मी जमिनीवर बसून विळीवर भोपळा चिरत असायचे आणि डोक्यावर तिच्या पावलांची धावाधाव ऐकू यायची. जिना ते टाकी, टाकी ते कठडा, कठडा ते टाकी. मग एकदम आवाज बंद व्हायचा, म्हणजे ती टाकीखाली शिरली. माझ्या हातात चाकू नव्हता, विळी होती म्हणून बोट वाचलं, इतका मला राग यायचा. खाली आली की तिच्या फ्रॉकला, म्हणजे माझ्याच फ्रॉकला, शेवाळ असायचं आणि ते धुवायचं काम आता माझ्याकडे होतं.

आषाढात एक दिवस संध्याकाळी कपडे काढून झाले आणि मेसच्या खिडक्या बंद दिसल्या. मी कपडे कठड्यावर टाकले, साडी गुडघ्यांपर्यंत खोचली आणि टाकीखाली शिरले. खांदे अडकले, पण शिरले. आत कुंड्या होत्या. एका कुंडीत पाणी साचलं होतं आणि त्यात डासांची पिल्लं वळवळत होती. विटेवर एक गोम होती. मी वाट पाहिली. हनुवटी पहिल्यासारखी विटेवर टेकवून पाहिली. “आले मी,” असं हळूच म्हटलं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. कुंड्या मोजल्या, सात होत्या. त्या आधीही सातच असणार, पण पूर्वी मला त्या मोजायचं कधी सुचलं नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. “ताई, जरा सरक ना. तू त्यांच्या शाळेवर बसली आहेस.”

धाकटी ओणवी होऊन आत बघत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, “हत्ती माझे आहेत, माहीत आहे ना?”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “ते पण सांगतात. तुझ्याबद्दल विचारत असतात.”

“काय विचारतात?”

“ताईला हल्ली आमच्याशी बोलावंसं वाटत नाही का, असं.”

तिने ते मला लागावं म्हणून म्हटलं असतं तर मी तिला एक ठेवून दिली असती. पण ती अगदी निरोप सांगितल्यासारखं म्हणाली. मी कपडे उचलून खाली गेले आणि घड्या घालताना तिचे दोन फ्रॉक मुद्दाम चुरगळून ठेवले. त्याने काही झालं नाही. चुरगळलेले फ्रॉक ती आनंदाने घालायची.

मग नवरात्र आलं. आईने आदल्या दिवशी सांगितलं, “यंदा तू फेरात नको. तू डबा धर.” पुण्याकडे म्हणे लग्न झालेल्या मुलीसुद्धा माहेरी आल्या की फेर धरतात. पण पुण्याला समोर मेस नव्हती. आईला वाटलं, डबा धरायला मिळाला म्हणजे मला बढती मिळाली, कारण डबा धरणं हे बायकांचं काम. डबा धरणारीला खिरापत आधीच माहीत असते. तिने जिन्याच्या दारात सावलीत उभं राहायचं, गाणी संपेपर्यंत थांबायचं, मग डबा हलवायचा आणि मुली काही म्हणाल्या की “नाही” म्हणायचं.

आणि गंमत अशी की ओळखण्यात मी आमच्या पाच घरांत पटाईत होते. डब्याला कान लावून मी करंजी आणि पुरी यांतला फरक सांगायचे. बायका म्हणायच्या, हिचे कान फार तिखट. तो मान माझा होता. आता कान तसेच होते आणि मला आधीच सगळं माहीत होतं, त्यामुळे त्यांचा काही उपयोग नव्हता.

पहिल्या दिवशी डब्यात मुरमुऱ्यांचा चिवडा होता. मी डबा हलवला. मुलींनी नेहमीचं काहीबाही सांगितलं, नातीने शोंदेश म्हटलं. धाकटी म्हणाली, “थांबा, हत्तींना विचारून येते,” आणि पळत जाऊन टाकीखाली घुसली. सगळ्या थांबल्या. ती विटांची धूळ माखून बाहेर आली आणि म्हणाली, “हत्ती म्हणतात, आत चिमण्यांची सभा आहे. अजून कोणी बोलत नाहीये, नुसत्या सरकून सरकून बसतायत.”

मी डबा पुन्हा हलवला, न ठरवता. आवाज खरंच तसा येत होता. मुली खिदळायला लागल्या. खिरापत घेऊन आलेल्या काकू जिन्यात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, “नाही. चिवडा आहे.” डबा उघडला तेव्हा मुली आत अशा बघत होत्या की जणू मीच चिमण्या उडवून लावल्या.

दुसऱ्या दिवशी शेव होती. हत्तींनी सांगितलं की त्यांच्यातल्या म्हातारीने आज केस विंचरले आणि गुंता टाकून न देता जपून ठेवला. तिसऱ्या दिवशी चिरोटे होते. टाकीखालून बाहेर यायला धाकटीला बराच वेळ लागला. बाहेर आली ती गंभीर चेहऱ्याने. “पत्रं आहेत,” ती म्हणाली. “जहाजातून आलेली. ज्यांची होती त्यांची घरं सापडली नाहीत, म्हणून तशीच घड्या घालून ठेवली आहेत.” कोणी हसलं नाही. माशिमाच्या नातीला कोणीतरी बंगालीत समजावून सांगितलं, तर तिने शोंदेश म्हणायचंसुद्धा सोडून दिलं. त्या दिवशी मुलींनी चिरोटे पदर-पदर उलगडून खाल्ले.

मी जिन्याच्या दारात रिकामा डबा घेऊन उभी होते आणि माझ्या पोटात नुसतं दुखत होतं. माझ्या बरोबर ओळखण्याला लोक शाबास म्हणायचे आणि खायला लागायचे. हिच्या चुकण्याची सगळे वाट बघत होते. हत्ती मी आणले, टाकी मी शोधली, भोंग्याकडे तोंड करून उभं राहायला त्यांना मी शिकवलं. आणि ते बोलत होते हिच्याशी. मला वाटलं, हिला एवढं का मिळावं? हिने असं काय केलं, उशिरा जन्माला येण्यापलीकडे?

चौथ्या दिवशी दुपारी मी तिची वेणी घालत होते. ते काम रोजचं माझंच. ती मान हलवत होती म्हणून मी केस जरा ओढून धरले होते. काही ठरवलं नव्हतं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं, पण ठरवलं होतं. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, “आज शंकरपाळे आहेत.”

ती म्हणाली, “सांगू नको ना.”

“आता सांगून झालं,” मी म्हटलं. “बघ तर खरं, सगळ्या कशा थक्क होतील.”

त्या दिवशी गाणी संपल्यावर मी डबा हलवला. ती सवयीने टाकीकडे धावली, आत गेली, आणि लगेच बाहेर आली. “हत्ती म्हणतात,” तिने सुरुवात केली आणि माझ्याकडे बघितलं. मी काही केलं नाही. डबा धरून उभी होते. “शंकरपाळे,” ती म्हणाली.

मी डबा उघडला. एकदम टाळ्या पडल्या. पहिल्याच फटक्यात बरोबर, असं माझ्याही हातून कधी झालं नव्हतं. काकूंनी तिची पाठ थोपटली, माशिमाची नात तिच्याभोवती नाचली. धाकटी आधी गोंधळली, मग हसली. तिचे कान लाल झाले होते. बरोबर येण्याची चव तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळली, आणि ती चव मला चांगलीच माहीत होती. म्हणून तर मी ती तिला चाखवली.

पाचव्या दिवशी वेणीला बसल्या बसल्या तिनेच विचारलं, “आज काय?”

मी सांगितलं. सहाव्या दिवशीही सांगितलं. षष्ठीपासून गल्लीच्या तोंडाशी दुर्गापूजेच्या मांडवात ढाक, म्हणजे बंगाल्यांचा मोठा ढोल, वाजायला लागला. त्याच्या आवाजात डब्यातलं काही ऐकू येण्याची सोयच उरली नाही, तरी धाकटी झटकन उत्तर द्यायची. कोणाला शंका आली नाही. आईला फक्त एवढंच वाटलं, की पूर्वी हे ओळखणं किती वेळ चालायचं आणि आता लवकर आटोपतं, बरंच झालं, मुलींना मांडवात जायला वेळ मिळतो. मी रोज दुपारी धाकटीच्या कानाशी कुजबुजते हे मात्र तिने पाहिलं होतं. एका काकूंना ती माझ्यादेखत म्हणाली, “थोरलीचा धाकटीवर फार जीव आहे हो. मोठी झाल्यापासून किती समंजस झाली आहे.” मी खाली मान घालून खोबरं किसत होते. कौतुक ऐकून लाजावं तशी लाजलेही.

सातव्या दिवशी धाकटी टाकीखाली गेली नाही. जागच्या जागी उभी राहून तिने उत्तर दिलं. आठव्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. एक मुलगी दुसरीला म्हणाली, “हिला येतंच,” आणि दोघी खिरापत मुठीत घेऊन निघाल्याच. माशिमाच्या नातीने तर खिरापतीची वाटसुद्धा पाहिली नाही, ढाक ऐकून आधीच खाली पळाली. मला हवं होतं ते सगळं झालं होतं. मला फार आनंद झाला असं नाही. पण पोटात दुखायचं थांबलं होतं, हे खरं.

नवमीची खिरापत आमच्या घरची होती आणि आईने ती मला करायला दिली. माझ्या हातची पहिली. मी नारळाच्या वड्या केल्या. पाक थोडा पुढे गेला आणि वड्या कडक झाल्या. आई म्हणाली, होतं असं, चवीला चांगल्या आहेत. मी त्या डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि सहज हलवून बघितलं. खडखड असा आवाज आला. मी आणखी एकदा हलवलं, कान लावला. मला नारळाच्या वड्यांचा आवाज ऐकू येत होता. त्यापलीकडे काही नाही.

आणि त्याच वेळी मला एकदम वाटलं, हत्ती याला काय म्हणतील? माझ्या कडक वड्यांचं ते काय करतील? मला ते ऐकायचं होतं. मला ते इतकं ऐकायचं होतं की मी सकाळभर दुसरं काही केलं नाही, धाकटी टाकीखालून काय घेऊन येईल तेच मनात घोळवत बसले. मला स्वतःला एकही गोष्ट सुचली नाही. पण तिला सुचेल, याची खात्री होती.

दुपारी वेणीला बसल्यावर ती म्हणाली, “आज काय?”

“आज सांगणार नाही.”

“का?”

“असंच. आज तू तुझं तू ओळख.”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी नजर टाळून रिबीन बांधली.

संध्याकाळी ढाक कानठळ्या बसवत होता. नवमी म्हणून मुली नटून आल्या होत्या, माशिमाच्या नातीला नवा फ्रॉक होता. शेवटचा दिवस, म्हणून फेर जरा लांबला. गाणी संपली. मी डबा हलवला, जोरात हलवला, ढाकाच्या वर ऐकू जावं म्हणून. धाकटी पुढे आली आणि तिने डब्याला कान लावला. मी तसा लावायचे, अगदी तसा, एक हात खाली धरून.

“लाडू?” ती म्हणाली.

मी म्हटलं, “नाही.”

“करंज्या?”

“नाही.”

“शंकरपाळे? चकल्या? शेव?” एकेका दिवशीची खिरापत ती धडा म्हणून दाखवावा तशी म्हणत गेली. प्रत्येक नाहीला तिचा चेहरा उतरत होता. मुली थांबल्या होत्या. चिमण्यांच्या दिवशी सर्वांत जास्त खिदळलेली एक मुलगी म्हणाली, “अगं, जा ना, हत्तींना विचार.”

जा, मी मनात म्हणत होते. जा आणि घेऊन ये काहीतरी.

धाकटीने टाकीकडे बघितलंसुद्धा नाही. “तिथे काही नसतं,” ती म्हणाली. “कुंड्या आहेत.”

मग ती फेरातून निघाली आणि जिन्याच्या दारात, मी उभी होते तिथे सावलीत, माझ्याजवळ येऊन उभी राहिली. माझा पदर ओढून हळूच म्हणाली, “ताई, सांग ना. चुकलं तर सगळ्या हसतील.”

मी म्हटलं, “हसू देत की. आधी हसायच्याच.”

“तेव्हा मी लहान होते,” ती म्हणाली.

तेव्हा म्हणजे सहा दिवसांपूर्वी. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती नाटक करत नव्हती, रुसली नव्हती, तिला खरोखर तसं वाटत होतं. मी वाकून तिच्या कानात सांगितलं. ती सरळ उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, “नारळाच्या वड्या,” आणि मी डबा उघडला.

मुलींनी एकेक वडी उचलली, कडक आहेत म्हणून कुरकुर केली, आणि मांडवाकडे पळाल्या. धाकटी गेली नाही. तिथेच दारात उभी राहून ती वडी चघळत होती. वैशाखापासून मी एकटी पडले होते, आणि नऊ दिवस त्या दारात एकटीच उभी होते. मी थोडी सरकले आणि तिला जागा करून दिली. लोकांना वाटतं, अशा वेळी माणसाला पश्चात्ताप होतो. मला तो व्हायला पुढे कितीतरी वर्षं लागली. त्या संध्याकाळी मला सोबत मिळाल्याचं बरं वाटलं.